रत्नागिरी एका दिवसात, आणि तोही नेमका सोमवार

माडाखालची (सोमवार, रात्री ११.२०)

पाय गरम पाण्यात सोडून बसलेय आणि लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तर झालं असं की जळगावहून माझा मामेभाऊ, वहिनी, त्यांचे नववीतले चिरंजीव आणि मामी असे चौघं काल रात्री गाडीने आले. उद्या सकाळी ते गणपतीपुळ्याला जाणार, म्हणजे मधला सोमवार रत्नागिरीच्या वाट्याचा. दादा आधीच फोनवर म्हणाला होता, "तुमच्या गावात बघायला असं काय आहे गं? थिबा पॅलेस ना? बारापर्यंत उरकेल की." मी पण हो म्हटलं, कारण खरं सांगायचं तर लग्न होऊन इथे आले त्याला १९ वर्षं झाली आणि या १९ वर्षांत मी रत्नदुर्गावर तीनदा गेले, तिन्ही वेळा नवरात्रात भगवतीची ओटी भरायला. थिबा पॅलेस एकदा, लेकाच्या शाळेच्या सहलीबरोबर, तेव्हा सगळं लक्ष पोरं मोजण्यात. बाकी आपलं बाजार, शाळा, दवाखाना, माहेरची गाडी पकडायला स्टेशन. पाहुणे आले की त्यांना पुळ्याला पाठवायचं, हा आमच्या घरातला नियमच.

सकाळी पावणेसातला निघालो. आमचे अहो चक्क उठले. गाडी किल्ल्यावर बरीच वरपर्यंत जाते त्यामुळे मामींच्या गुडघ्यांना फक्त शेवटच्या पायऱ्याच लागल्या, त्याही त्या "भगवती माते, भगवती माते" करत माझ्या खांद्यावर भार टाकून चढल्या. देवळात दर्शन झालं आणि मग तटावर आलो आणि मी गप्पच झाले हो. किल्ला घोड्याच्या नालेसारखा आहे आणि तीन बाजूंनी पाणी हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. खाली मिरकरवाडा बंदर. रात्री गेलेल्या बोटी परत येत होत्या, एकीमागून एक, निळ्या-हिरव्या-भगव्या, आणि प्रत्येक बोटीच्या मागे पांढऱ्या पक्ष्यांचं लटांबर. चिरंजीवांनी मोबाइल खिशात ठेवून बोटी मोजायला घेतल्या, ६४ पर्यंत मोजल्या आणि मग एक बोट दुसरीच्या आड गेल्यामुळे पहिल्यापासून मोजायला लागला.

उत्तरेला पांढरा समुद्र, दक्षिणेला मांडवीचा काळा समुद्र. मामी म्हणाल्या, "अगं एकच समुद्र ना हा, मग दोन रंग कशे?" पाण्याचा नाही हो मामी, वाळूचा रंग, असं मी मोठ्या थाटात सांगितलं. हे मलाही अहोंनी पाच मिनिटांपूर्वीच सांगितलं होतं.

मग घावणे-चटणी खाऊन साडेदहाला थिबा पॅलेस. फाटक बंद. मी हॉर्न वाजवायला सांगितला. आतून एक काका आले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, आज सोमवार."

दादाने माझ्याकडे असं बघितलं ना. "१९ वर्षं ना गं?" एवढंच म्हणाला.

मग बाहेरूनच बघितला. लाल जांभ्याचा केवढा मोठा, उतरती छपरं, वर ते अर्धगोल खिडक्यांतले रंगीत काचेचे तुकडे चमकत होते. चिरंजीवांनी फाटकाच्या गजांतून फोटो काढला, त्यात राजवाड्यापेक्षा गजच जास्त आलेत. म्हणाला, "आत्या, राजा कैदेत होता ना, मग फोटो बरोबर आहे."

आता करायचं काय? अहो म्हणाले समाधी तर उघडीच असेल. मी म्हटलं कुणाची? तर थिबा राजाची! शिवाजीनगरला, जिथून मी शंभरदा गेलेय. आजूबाजूला घरं, मध्ये कुंपणात दोन थडगी, एक राजाचं आणि एक त्याच्या धाकट्या राणीचं. कुणी नव्हतं, एक मांजर होती उन्हात. मामींनी चप्पल काढली आणि नमस्कार केला. कुठल्या धर्माचा, कुठल्या देशाचा, काही विचारलं नाही. "घरापासून इतक्या लांब मेला बिचारा," म्हणाल्या.

जेवून (सुरमई, सोलकढी, मामींना वालाचं बिरडं) भाट्याचा पूल ओलांडला आणि नारळ संशोधन केंद्रात गेलो, म्हटलं सावली तरी मिळेल. आणि तिथे जे झालं त्यासाठीच खरंतर हा धागा काढलाय पण आता डोळे मिटतायत. उरलेलं उद्या. तोवर सांगा, तुम्ही पाहुण्यांना रत्नागिरीत काय दाखवता? की तुम्हीही पुळ्यालाच पाठवता?

ओहोटी (सोमवार, रात्री ११.४८)

सोमवारी म्युझियम बंद हे आईच्या पोटातच शिकवायला हवं सगळ्यांना 😀 आम्ही पण गेलो होतो असेच, फाटकापर्यंत.

घावणे_चटणी (मंगळवार, सकाळी ७.०५)

माझ्या नावाचा नाश्ता केल्याबद्दल आभार. पण ताई, नारळ केंद्रात काय झालं ते न सांगता झोपलात, हा अन्याय आहे.

पेठकिल्लेकर (मंगळवार, सकाळी ७.३०)

आमच्या दारावरून गेलात की! किल्ला सकाळीच करायचा हे एकदम बरोबर. दुपारी तिथे जांभा तापतो आणि माणूस आंबोळीसारखा भाजून निघतो. फक्त एक चुकलं. दीपगृहाकडे गेला नाहीत. ते संध्याकाळी ठरावीक वेळातच आत सोडतात, त्यामुळे ज्यांना दीपगृह करायचंय त्यांनी किल्ला उलट ठेवायचा, म्हणजे चारच्या पुढे. १८६७ चं दीपगृह आहे. वरून आख्खी रत्नागिरी दिसते, माडांची, आणि माडांच्या आत कुठेतरी घरं. लहानपणी आम्हाला वाटायचं की खाली समुद्रापर्यंत जाणाऱ्या भुयारातून शिवाजी महाराज घोड्यावरून गेले असणार. महाराजांनी किल्ला घेतला १६७० ला हे खरं, घोड्याचं आमच्या आजोबांनी जोडलेलं.

मालवणी_बाबलो (मंगळवार, सकाळी ८.१२)

आमचो किल्लो बघूक होडयेन जावचा लागता, होडी येयपर्यंत उनात उभा रवाचा. तुमचो किल्लो गाडयेन चढतास आणि वर दमलंय म्हणतास? कठीण आसा.

माडाखालची (मंगळवार, सकाळी ८.२०)

बाबलो, माझे गुडघे दमले नाहीत, मामी टेकल्या त्या खांद्याचं काय ते सांगा 😀 पाहुणे आत्ताच गेले. संध्याकाळी लिहिते.

जांभादगड (मंगळवार, सकाळी १०.४०)

थिबाबद्दल थोडं, कारण दर वेळी कुणीतरी लिहितं की "ब्रह्मदेशच्या राजाने इथे येऊन राजवाडा बांधला." त्याने नाही बांधला, इंग्रज सरकारने त्याच्यासाठी बांधला, तोही फार उशिरा. १८८५ च्या लढाईनंतर मंडाले पडलं, राजाला कुटुंबासकट उचललं, आधी मद्रासला ठेवलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणलं. तेव्हा त्याचं वय अवघं २७. राजवाड्यात तो राहायला गेला १९१० मध्ये आणि गेला १९१६ च्या डिसेंबरात. म्हणजे ३० वर्षांच्या नजरकैदेतली शेवटची ६ वर्षंच त्या वाड्यात, आधीची २४ वर्षं इथल्याच बंगल्यांत, सरकारी भत्त्यावर, उधारीउसनवारीत. लोक वाड्याचा फोटो काढतात आणि म्हणतात "काय ऐश होती". ऐश कसली, दरवाजावर पहारा.

आणि रत्नागिरीच का? तर त्या काळी इथे रेल्वे नाही, धड रस्ता नाही, पावसाळ्यात बोटीही बंद. कोकण रेल्वे मुंबईपासून पुढपर्यंत सुरू झाली तीच १९९८ ला. राजाला लपवायला यापेक्षा चांगली जागा कुठली. आपण ज्याला "कनेक्टिव्हिटी नाही" म्हणून रडायचो तीच इंग्रजांच्या सोयीची निघाली.

गंमत म्हणा की नियती म्हणा, दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर १८५७ नंतर रंगूनला पाठवला, तो तिकडे मेला १८६२ मध्ये. म्हणजे हिंदुस्थानचा राजा ब्रह्मदेशात पुरलाय आणि ब्रह्मदेशचा राजा शिवाजीनगरात. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन या समाधीवर येऊन गेले.

नवी_सूनबाई (मंगळवार, दुपारी १२.१५)

राजकन्यांचं पण सांगा ना कुणीतरी, सासरे नेहमी "टूटू, टूटू" असं काहीतरी सांगतात आणि मी मान हलवते.

जांभादगड (मंगळवार, दुपारी १.०२)

चार राजकन्या. धाकटी इथेच रत्नागिरीत जन्मली. थोरलीचं वाड्यावरच्या दरवानाशी जुळलं, त्यांची मुलगी टूटू. राजा गेल्यावर १९१९ मध्ये राणी सुपयालत बाकीच्यांना घेऊन रंगूनला परतली, तिथेच १९२५ ला वारली. थोरली मात्र पुन्हा रत्नागिरीला आली आणि शेवटपर्यंत इथेच. टूटू इथे वाढली, इथल्याच मराठी माणसाशी लग्न केलं, पोरंबाळं झाली, बोलायची ती मराठीच. मंडालेच्या राजाची नात रत्नागिरीच्या बाजारात घासाघीस करून मासे घेत असणार, हे डोळ्यासमोर आणा. सासऱ्यांना सांगा, आता मान खरी हलवतेय म्हणून.

रंकाळ्याकाठचा (मंगळवार, दुपारी ३.३०)

आम्ही कोल्हापूरवाले आंबा घाट उतरून येतो ते थेट समुद्रावर, अर्धी बादली वाळू घेऊन परत. या वेळी आई-बाबांना घेऊन एक आख्खा दिवस शहरात काढायचा म्हणतोय. पतितपावन मंदिर आणि टिळकांचं घर जवळजवळ आहे का? रिक्षा करावी की आपली गाडी?

पेठकिल्लेकर (मंगळवार, दुपारी ४.१०)

गावात रिक्षा. राम आळी, टिळक आळी या बाजूला गाडी घातलीत तर पार्किंग शोधण्यात सूर्यास्त होईल. गाडी किल्ला, भाट्ये, पावसकडे न्यायला ठेवा. टिळक आळीतलं घर म्हणजे साधं कौलारू कोकणी घर आहे. मोठं स्मारक वगैरे डोक्यात ठेवून जाऊ नका. २३ जुलै १८५६ ला टिळक तिथे जन्मले, दहा वर्षांचे असताना वडिलांची बदली झाली आणि मंडळी पुण्याला गेली.

पतितपावन १९३१ चं. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते, जिल्ह्याबाहेर जायचं नाही, राजकारण करायचं नाही या अटींवर. त्या काळात सगळ्या जातींना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश असलेलं देऊळ उभं राहिलं. पैसा भागोजीशेठ कीरांचा. मूळचे इथलेच, गरिबीतून वर आलेले भंडारी समाजातले कंत्राटदार. मुंबईत दादरच्या चौपाटीवर जी स्मशानभूमी आहे ना, ती पण त्यांचीच देणगी. देवळात गेल्यावर लक्ष्मी-नारायणाइतकाच कीरांनाही हात जोडा.

एकटाच_शहाणा (मंगळवार, दुपारी ४.३२)

सावरकरांचं नाव निघालंच आहे तर मला एक विचारायचंय की

व्यवस्थापक (मंगळवार, दुपारी ४.४०)

विचारू नका. धागा भटकंतीचा आहे. वरच्या प्रतिसादाचा उरलेला भाग आणि त्याखालचे ११ प्रतिसाद उडवले आहेत. आठ मिनिटांत ११, कमाल आहे तुमची.

ओहोटी (मंगळवार, संध्याकाळी ५.१५)

मला एक कळत नाही, या गावात सरकारने माणसं आणून ठेवायची आणि गावाने त्यांना आपलं म्हणायचं, असंच चाललेलं दिसतंय. एक राजा, एक सावरकर. आम्ही मात्र स्वखुशीने आलो तर पुळ्याला पिटाळता.

माडाखालची (मंगळवार, रात्री ९.५०)

ओहोटी, मान्य, गुन्हा कबूल.

तर नारळ केंद्र. आधी पार्श्वभूमी सांगते. आमच्या परसात विहिरीजवळ, दोन माडांच्या मध्ये, सासूबाईंनी लावलेलं जायफळाचं झाड आहे. मी त्यांना आईच म्हणते त्यामुळे पुढे आई. कुणाच्या तरी बागेतून ताजं जायफळ आणून आईंनी बी रुजवलं, त्याला आता १२ वर्षं होतील. झाड असं देखणं आहे की विचारू नका, काळपट हिरवी पानं, बाराही महिने भरलेलं. फुलं येतात, बारीक, पिवळट, घोसाने. फळ एकही नाही. आईंनी काय काय केलं असेल! शेण घातलं, राख घातली, मासळीचं पाणी घातलं. दर दसऱ्याला कोयत्याची पूजा झाली की तोच कोयता हातात घेऊन झाडासमोर उभ्या राहतात आणि दम देतात, "यंदा धरलं नाहीस तर बघ." झाड ऐकून घेतं.

भाट्याच्या केंद्रात लाखी बाग म्हणून आहे. माड साडेसात मीटरवर, म्हणजे पंचवीस फुटांवर लावलेले, आणि मधली जागा मोकळी सोडायची नाही. माडावर मिरवेल चढवलेली, चार माडांच्या बरोब्बर मध्ये जायफळ, माडामाडांच्या मध्ये दालचिनी, त्याखाली अननस, केळी. वर बघितलं की झावळ, मध्ये जायफळ, खाली अननस, ऊन जमिनीपर्यंत पोचायच्या आधीच सगळं वाटून संपलेलं. बाहेर रस्त्यावर जीव नको झाला होता आणि आत तीन-चार डिग्री तरी कमी असणार, निदान मामींचा पदर कपाळावरून खाली आला.

तिथल्या एका दादांनी आम्हाला फिरवलं. दालचिनीचं पान चुरगळून वहिनीच्या हातावर दिलं, ती दिवसभर हात हुंगत होती. मग एका झाडावरून पिवळं, छोट्या पेरूएवढं फळ काढलं, मध्ये एक चीर होती, अंगठ्याने दाबलं आणि ते उघडलं. आत काळं चकचकीत बी आणि त्याला लालभडक जाळी लपेटलेली, ओली, जशी काही कुणी आत्ताच विणली. ती जायपत्री. डब्यातली जी तपकिरी चुरा-चुरा जायपत्री आपण मसाल्यात घालतो ती मुळात अशी लाल असते हे मला चाळिशीत कळलं. चिरंजीवाने विचारलं, "हे जेलीसारखं खायचं का?" दादा म्हणाले खाऊन बघ. बघितलं. तोंड बघण्यासारखं झालं.

मी सहज म्हटलं, आमच्याकडे पण आहे हो, १२ वर्षांचं, धरतच नाही. ते म्हणाले, फुलं कशी येतात, एकेकटी की घोसात? म्हटलं घोसात. हसले. "ताई, नर आहे तुमचा."

म्हणजे पपईसारखं. झाडं वेगळी, नर वेगळा, मादी वेगळी. बी लावलं तर साधारण निम्मे नर निघतात आणि फुलं येईपर्यंत कळायला मार्ग नाही, म्हणून मादीची कलमं लावायची. ते शांतपणे समजावत होते आणि मला मात्र डोळ्यासमोर आई दिसत होत्या, कोयता घेऊन उभ्या.

दादाला हसू आवरेना. अहो म्हणाले, "आईला मी नाही सांगणार."

मग काय, भाट्याच्या सुरूच्या बनात बसलो, झरी विनायकाला गेलो आणि सूर्यास्ताला जिजामाता उद्यानात, थिबा पॉइंटवर. खाली खाडी, पूल, राजिवड्याची घरं, लांब समुद्र. बागेत तशी काही फार फुलंबिलं नाहीत, पोरांची खेळणी, बाकडी, पण बाग बघायला कोण आलंय, सगळी बाकडी समुद्राकडे तोंड करून भरलेली. तो राजा पण म्हणे वाड्यातून येणारीजाणारी जहाजं बघत बसायचा. सूर्य पाण्याला टेकला तसं सगळे गप्प झाले, भेळवाला सोडून.

दादा निघताना म्हणाला, "बारापर्यंत उरकेल म्हटलं होतं ना मी." बस, एवढंच. आमच्या जळगावात याला माफी म्हणतात.

आईंना अजून सांगितलेलं नाही.

घावणे_चटणी (मंगळवार, रात्री १०.०५)

१२ वर्षं 😀😀😀 बिचारं झाड. बिचाऱ्या आई. मासळीचं पाणी!

मालवणी_बाबलो (मंगळवार, रात्री १०.२२)

झाड गप रवला, तेणा काय सांगतला? कोयतो बघून बोलूची सोय नाय.

कलमवाला (मंगळवार, रात्री १०.५०)

आमचीही जायफळाची बाग आहे म्हणून लिहितो. झाड तोडू नका. दहाएक माद्यांना एक नर लागतोच, नाहीतर माद्यांना फळं कमी धरतात. दोन मार्ग. एक, त्याच झाडाच्या फांद्यांवर मादीच्या काड्या बांधून घ्यायच्या, जाणकार माणसाकडून, एखादी फांदी नर ठेवायची. दुसरा, नर तसाच ठेवून जवळपास मादीची कलमं लावायची. सावली हवी, पाणी हवं, पण पाणी तुंबता कामा नये. कलमं चार-पाच वर्षांत धरायला लागतात. आणि रोपवाटिकेतून घेताना कलम आहे ना हे सांधा बघून घ्या, नुसतं रोप उचललंत की पुन्हा तोच जुगार.

नवी_सूनबाई (बुधवार, सकाळी ९.४०)

लहान मुलं असतील तर झाडगावचं मत्स्यालय पण यादीत घाला. आमचा मुलगा देवमाशाच्या सांगाड्याखाली अर्धा तास उभा होता, बाहेरच येईना. शेवटी वडापावचं आमिष दाखवलं.

ओहोटी (बुधवार, सकाळी १०.१५)

आणि शिमग्यात येणार असाल तर वरचं सगळं विसरा आणि भैरीची पालखी बघा. बारा वाड्यांचा देव, गर्दीत तुमची चप्पल कुठे जाईल ते देवालाच ठाऊक.

माडाखालची (बुधवार, रात्री ९.१०)

आज एकटीच गेले. सुट्टी टाकली, घरी सांगितलं बँकेत काम आहे. आधी टिळक आळीत. पेठकिल्लेकर म्हणतात तसंच, घर घरासारखं आहे. ओसरीवर जरा टेकले तर वाटलं आतून कुणीतरी पाणी आणून देईल.

मग थिबा पॅलेस, उघडा! आत वरच्या मजल्यावर लाकडी जिना चढून गेले, सागवान अजून हाताला गुळगुळीत लागतं. त्या रंगीत काचांतून ऊन आत येतं ते जमिनीवर लाल, हिरवं, निळं पडतं आणि दुपार कलली की तुकडे सरकत सरकत भिंतीवर चढतात. मी किती वेळ तेच बघत होते. सहलीच्या वेळी मी याच खोलीत उभी राहून "सव्वीस, सत्तावीस, अरे अठ्ठाविसावा कुठे आहे" करत होते. पश्चिमेच्या बाजूला आले तर झाडांच्या वर समुद्राची एक रेघ दिसली. सहा वर्षं रोज हीच रेघ, आणि त्यापलीकडे घर नाहीच, घर तर पूर्वेला, पाठीमागे. तो चुकीच्या दिशेला बघत बसायचा असं मनात आलं आणि मग वाटलं की आला तर बोटीनेच होता ना, मग जाणार पण बोटीनेच असं वाटत असेल.

असो. परत येताना भाट्याला गेले आणि मादीची दोन कलमं घेतली. सांधा बघून घेतला, कलमवाला.

रंकाळ्याकाठचा (बुधवार, रात्री ९.३५)

आमचं ठरलं, पुढच्या गुरुवारी येतोय. सोमवार नाही 😀 आणि आईंचं काय झालं ते आधी सांगा.

माडाखालची (शनिवार, दुपारी २.३०)

सांगते. कलमं बघून आईंनी विचारलंच, "एक असताना अजून कशाला?" मग बसवलं ओसरीवर आणि सगळं सांगितलं, घोसातली फुलं, नर, मादी, पपई. आई ऐकत होत्या, सुपारी कातरत होत्या. काही बोलल्या नाहीत. उठल्या, परसात गेल्या, झाडाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं आता कोयता मागतायत.

म्हणाल्या, "तरीच. इतकी वर्षं नुसता खाऊन-पिऊन उभा."

मग स्वतः जागा दाखवल्या, एक कलम विहिरीच्या अलीकडे, एक पलीकडे, दोन्ही त्याच्या नजरेत राहतील अशी. खड्डे अहोंनी काढले. आईंनी पाणी घातलं, आधी कलमांना आणि उरलेली अर्धी कळशी त्याच्या आळ्यात.

"मासळीचं पाणी बंद हो याचं," म्हणाल्या, "ते आता या दोघींना."